कट्ट-कडकट्ट! मोडक्या खेळण्यांचं तारयंत्र

दोस्तांनो, तुमच्या घरी एक खोकं नक्की असेल. पलंगाखाली, नाहीतर माळ्यावर. त्यात एक चाक गेलेली मोटार, हात तुटलेला रोबो, सेल टाकूनही न रडणारी बाहुली आणि गाडी केव्हाच हरवलेला एक रिमोट. दर दिवाळीला आई म्हणते, "हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाकते." आणि दर दिवाळीला आपण ओरडतो, "नको, कामाचं आहे!"

खरंच कामाचं आहे का? मागच्या उन्हाळ्यात आम्ही ते करून पाहिलं. गोंदियाचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते. कूलर घरघरत असतो आणि मुलं कंटाळून एकमेकांशी भांडत असतात. माझी भाची सातवीत आणि तिचा भाऊ चौथीत. दोघं सुटीला आली होती. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले. चहाची वाट बघताना त्यांची बोटं नेहमी टेबलावर वाजतात. ठक्क... ठक्क... ठक. दोन लांब, एक आखूड.

"आजोबा, हे काय वाजवता तुम्ही?" भाचीनं विचारलं.

"हे? हे गोंदिया आहे," आजोबा म्हणाले.

आणि मग सगळी दुपार तारेच्या गोष्टीत गेली.

एका अक्षराचं स्टेशन

तुम्ही रेल्वेचं तिकीट नीट वाचलं आहे का? प्रत्येक स्टेशनाला इंग्रजी अक्षरांचा एक कोड असतो. नागपूरचा एनजीपी, बालाघाटचा बीटीसी. आपल्या गोंदिया जंक्शनचा कोड मात्र फक्त एका अक्षराचा: जी! मोर्सच्या सांकेतिक लिपीत जी म्हणजे रेघ, रेघ, टिंब. आजोबा टेबलावर तेच वाजवत होते.

गोंदियाचं आणि रेल्वेचं नातं फार जुनं. नागपूरहून राजनांदगावला जाणारा मीटरगेज मार्ग १८८२ मध्ये पूर्ण झाला, आणि गोंदिया त्याच वाटेवरचं गाव. पुढे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्ग ब्रॉडगेज झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून बालाघाट, जबलपूरकडे नॅरोगेजची छोटी गाडी धावू लागली. आता तिथंही ब्रॉडगेज आहे.

आता विचार करा. रूळ एकच आहे. या टोकाकडून एक गाडी निघाली आणि त्या टोकाकडूनही एक निघाली, तर? मध्ये जंगल, वळणं, रात्रीचा अंधार. आगगाडीला मोटारीसारखं बाजूला होता येत नाही. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला विचारावं लागे, "वाट मोकळी आहे का?" तिकडून "लाइन क्लिअर" आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हा निरोप जायचा तो तारेतून. पुढे याच कामासाठी दोन स्टेशनांत जोडलेली यंत्रं आली. त्यातून एका वेळी एकच टोकन, म्हणजे लोखंडी गोळा, बाहेर निघे. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरनं पुढे जायचं नाही, असा नियम. म्हणजे विजेच्या त्या कट्ट-कडकट्टवर शेकडो माणसांचे जीव अवलंबून असत.

"आम्हाला ते यंत्र बघायचंय!" धाकटा म्हणाला.

बघायचं कुठे? आपल्या देशातली तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. यंत्रं गेली संग्रहालयांत. मग आम्ही ठरवलं, बघायला नाही मिळत ना, तर बनवू या!

मोर्ससाहेबांनीही भंगारच वापरलं होतं

हसू नका. पहिलं तारयंत्र कसं बनलं, ते ऐका. सॅम्युअल मोर्स हा अमेरिकेतला चित्रकार. १८३२ मध्ये जहाजातून घरी परतताना त्यानं सहप्रवाशांच्या तोंडून विद्युत्चुंबकाबद्दल ऐकलं आणि विजेनं निरोप पाठवायची कल्पना त्याच्या डोक्यात शिरली. पण हातात पैसा नव्हता. मग चित्राचा कॅन्व्हास ताणून बसवायची लाकडी चौकट त्यानं टेबलाला ठोकली, जुन्या घड्याळाची चाकं घेतली, घरीच तार गुंडाळून चुंबक केला. १८३७ मध्ये लोकांनी पाहिलं ते यंत्र हे असं होतं!

आपल्याकडेही तसंच. विल्यम ओ'शॉनेसी हा कोलकात्याचा डॉक्टर, वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक. त्यानं १८३९ मध्ये बांबूंवर मैलोन् मैल तार ताणून प्रयोग केले. त्याच्याच देखरेखीखाली कोलकाता ते डायमंड हार्बर ही तार उभी राहिली आणि १८५१ मध्ये सुरू झाली.

खेळण्यांतून खऱ्या यंत्राची नक्कल करणं हा पोरखेळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला आणखी एक गोष्ट सांगा. डग्लस हार्ट्री हा इंग्लंडमधला गणिताचा प्राध्यापक. १९३३ मध्ये त्यानं अमेरिकेत अवघड गणितं सोडवणारं एक अवाढव्य यंत्र पाहिलं. तसं यंत्र विकत घेणं परवडणारं नव्हतं. १९३४ मध्ये त्यानं आणि आर्थर पोर्टर या त्याच्या विद्यार्थ्यानं मुलांच्या मेकॅनो या खेळण्याच्या पट्ट्या, चाकं आणि दात्यांपासून त्याची नक्कल उभी केली. खर्च आला सुमारे वीस पौंड, आणि उत्तरं खऱ्या संशोधनात वापरता येतील इतकी बरोबर!

आणि आपल्या पुण्यातले अरविंद गुप्ता? कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्यात ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांत मुलांना विज्ञान शिकवायला गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून खेळणी करू लागले. पुढे पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणं मोडून आत काय आहे ते पाहायची मुलाची ओढ म्हणजे खोडी नव्हे, शिक्षण आहे, असं ते सांगत आले.

चला, सामान काढा

*खोक्यातून:* दोन सेलांवर चालणारी मोडकी मोटार. तिच्यातून सेलची डबी, वायरचे तुकडे, एक चाक आणि छोटे स्क्रू मिळतील. एखाद्या खेळण्यात चुंबक सापडला तर तोही जपून ठेवा.

*हार्डवेअरच्या दुकानातून:* तीन इंची लोखंडी बोल्ट (साधारण आठ मिलिमीटर जाडीचा), दोन नट, दोन वायसर, पाच-सहा लाकडाचे स्क्रू, एक छोटी 'एल' आकाराची पट्टी, पॉलिश पेपर, काळी चिकटपट्टी. बोल्टला आधी चुंबक लावून बघा. काही चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांना चुंबक चिकटत नाही, ते चालणार नाहीत. दुकानदार विचारतील, "बाबू, कशाला पाहिजे?" सांगा, तार पाठवायची आहे!

*मोटार-पंखे भरणाऱ्या दुकानातून:* ३० नंबरची वाइंडिंगची तांब्याची तार, साधारण पंधरा मीटर. ही तार वजनावर मिळते, पंधरा-वीस ग्रॅम पुरे. २८ ते ३२ नंबरपर्यंत कोणतीही चालेल.

*वेल्डिंगवाल्याकडून किंवा प्लंबरकाकांकडून:* मोडलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा सहा इंची तुकडा, एका टोकाला भोक असलेला. हा ते बहुतेक वेळा फुकटच देतात.

*सुतारकाकांकडून:* नऊ इंच लांब, चार इंच रुंद, पाऊण इंच जाड फळी आणि एक छोटा ठोकळा.

*घरातून:* पत्र्याच्या डब्याच्या झाकणाची चार इंची पट्टी (कडा मोठ्या माणसाकडून वाकवून घ्या), दोन पेन्सिल सेल.

कृती

१) फळीच्या एका टोकाजवळ मोठ्या माणसाकडून बोल्ट जाईल एवढं भोक पाडून घ्या. खाली दोन्ही बाजूंना लाकडाच्या चिपा ठोका, म्हणजे फळी जमिनीपासून थोडी वर राहील.

२) बोल्टच्या डोक्याखाली दीड इंच भागावर कागद गुंडाळा आणि त्यावर तार गुंडाळायला घ्या. एकाच दिशेनं, घट्ट, एका थरावर दुसरा थर. असे ४०० वेढे. मोजताना चुकू नका; पन्नास झाले की कागदावर एक रेघ ओढा. दोन्ही टोकं वीतभर मोकळी सोडा आणि वरून चिकटपट्टी लावा.

३) एक नट आणि वायसर फळीच्या वर, दुसरा नट-वायसर फळीच्या खाली, असा बोल्ट डोकं वर करून उभा बसवा. नट फिरवले की बोल्ट थोडा वर-खाली करता येईल. ही सोय फार उपयोगी पडते.

४) बोल्टपासून चार इंचांवर ठोकळा पक्का करा. ब्लेडच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. भोकातून स्क्रू घालून ब्लेड ठोकळ्यावर आडवं बसवा. त्याचं मोकळं टोक बोल्टच्या डोक्यावर यायला हवं. दोघांमध्ये एक नाणं जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवा.

५) 'एल' पट्टी शेजारी अशी बसवा की तिचा आडवा हात ब्लेडच्या टोकाला वरून हलकेच टेकेल.

६) आता कळ. पत्र्याची पट्टी पॉलिश पेपरनं घासून लखलखीत करा. एक टोक दुसऱ्या छोट्या फळीवर स्क्रूनं बसवा, दुसरं टोक थोडं वर उचललेलं. त्याच्या बरोबर खाली एक स्क्रू. पट्टी दाबली की स्क्रूला टेकावी, सोडली की सुटावी. पट्टीवर मोटारीचं चाक चिकटवा. खऱ्या तारयंत्राच्या कळीलाही अशीच गोल मूठ असे.

७) जोडणी सोपी आहे. सेलच्या डबीतून एक वायर कळीच्या पट्टीला. कळीखालच्या स्क्रूपासून एक वायर वेढ्यांच्या एका टोकाला. वेढ्यांचं दुसरं टोक परत डबीला. वर्तुळ पूर्ण!

कळ दाबली की बोल्टचा चुंबक होतो, ब्लेड खाली ओढलं जातं: कट्ट! कळ सोडली की चुंबकपण जातं, ब्लेड उसळून वर पट्टीवर आपटतं: कट्ट!

आमचं यंत्र मुकंच होतं!

वाचायला किती सोपं वाटतं, नाही? आमचं यंत्र पहिल्याच दिवशी चालू झालं, असं सांगितलं तर ती थाप होईल.

आधी आम्ही पैसे वाचवायला गेलो. खेळण्यातल्या मोटरची तार उकलून वापरू म्हटलं. ती केसासारखी बारीक. वीस वेढ्यांत तीनदा तुटली. मग दुकानातून तार आणली, चारशे वेढे घातले, कळ दाबली. काही नाही! सेल बदलले. काही नाही. धाकट्यानं जाहीर करून टाकलं, "मामाला येत नाही."

त्याचं बरोबर होतं. वाइंडिंगच्या तारेवर पारदर्शक वार्निश असतं. तांबं उघडं दिसतं, पण ते उघडं नसतं. वार्निश आहे म्हणूनच वेढे एकमेकांना टेकूनही वीज मधल्यामधे न जाता चारशे वेळा फिरते. पण जोडायच्या टोकांवरचं वार्निश घासून काढायलाच हवं. दोन्ही टोकं दोन-दोन इंच पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा जोडली, आणि ब्लेड टपकन खाली आलं. मुलांनी एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

पण ब्लेड खाली आलं ते वर जाईना! बोल्टला चिकटूनच बसलं. पोलादात थोडं चुंबकपण उरतं, म्हणून असं होतं. बोल्टच्या डोक्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि ब्लेड सुटलं.

आता ते वाजत होतं. आम्ही खुशीत आजोबांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "अर्धंच बोलतंय हे."

कारण आम्ही ती वरची 'एल' पट्टी लावलीच नव्हती. चित्रात ती दिसली होती, पण शोभेची वाटली. आजोबांनी समजावलं. विजेची घंटा दाबून धरली तर वाजत राहते. हे यंत्र तसं नाही. ते फक्त दोन ठोके देतं: एक खाली येताना, एक वर जाताना. दोन ठोक्यांमधला वेळ थोडा असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. वरचा ठोका नसेल, तर टिंब संपलं की रेघ चालू आहे, हे कळणार कसं?

मी ते चित्र कितीदा पाहिलं असेल, पण पट्टी तिथं का आहे, हा प्रश्न कधी पडलाच नाही. नक्कल करायला बसलो, एक भाग गाळला, यंत्र अडलं, आणि उत्तर मिळालं. दोस्तांनो, वस्तू विकत आणली की ती कशी चालवायची ते कळतं. स्वतः केली की ती तशीच का आहे, ते कळतं.

आणखी एक गंमत. आवाज बारीक येतो? यंत्राच्या मागे पत्र्याचा रिकामा डबा उभा करा. अमेरिकेतले तारबाबू आपल्या यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा खोचत, ते याचसाठी!

गोंदिया, गोंदिया, ऐकताय ना?

रेघ ही टिंबाच्या तिप्पट लांब. दोन अक्षरांमध्येही तेवढंच थांबायचं. गोंदिया असं पाठवा:

जी: रेघ रेघ टिंब
ओ: रेघ रेघ रेघ
एन: रेघ टिंब
डी: रेघ टिंब टिंब
आय: टिंब टिंब
ए: टिंब रेघ

कळीपासून यंत्रापर्यंत दहा मीटर जोडवायर टाकली तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तार जाते. उत्तर हवं असेल तर मैत्रिणीला दुसरा संच करायला सांगा: तिची कळ, तुमचं यंत्र.

आमच्याकडे भाची स्वयंपाकघरात बसली, धाकटा पुढच्या खोलीत कागद-पेन्सिल घेऊन. तिनं पाठवायला सुरुवात केली. जी... ओ... एन... आणि धाकट्यानं पुढचं न ऐकताच लिहून टाकलं, "गोंदिया! कळलं मला!"

तिकडून आलं होतं, "गोन." भाचीनं मुद्दाम अर्ध्यावर थांबून आपल्या इंग्रजीतला 'गेला' हा शब्द पाठवला होता. तिचा निरोप होता, सेल गेला!

सगळे हसले. आजोबाही हसले, पण मग त्यांनी नातवाला जवळ बसवलं. "बाबू, घरात चाललं. पण स्टेशनात असा अंदाज केला असता तर? तिकडून 'थांब' येतंय आणि मी अर्धंच ऐकून 'मोकळी' लिहिलं तर? नाही कळलं तर पुन्हा मागायचं. दहादा मागायचं. त्यात लाज नाही. अंदाजानं गाडी सोडायची नाही."

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग धाकट्यानं पेन्सिल नीट धरली आणि आत ओरडला, "ताई, पुन्हा पाठव!"

आई-बाबांसाठी दोन शब्द

भोक पाडणं, पत्रा कापणं आणि ब्लेडचा तुकडा बसवणं ही कामं तुम्ही करा; ब्लेड मुलांना मोडू देऊ नका. फक्त दोन साधे पेन्सिल सेल वापरा. घरातल्या विजेच्या प्लगला हे यंत्र कधीही जोडायचं नाही. मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँकही नको, त्यातून धोकादायक प्रवाह वाहू शकतो. कळ दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरली तर तार आणि सेल तापतात. खेळ संपला की सेल काढून ठेवा. आणि यंत्र पहिल्या दिवशी चाललं नाही तर लगेच स्वतः दुरुस्त करून देऊ नका. ते का चाललं नाही, हे मुलांनाच शोधू द्या.

तर मग दोस्तांनो, या सुटीत ते खोकं खाली काढा. आमचं तारयंत्र अजून पुढच्या खोलीत टेबलावर आहे. संध्याकाळी चहा झाला की आजोबा त्याच्याशी बसतात. दोन लांब, एक आखूड. स्वयंपाकघरातून उत्तर येईपर्यंत ते थांबतात, आणि नाही आलं, तर पुन्हा वाजवतात.